विम्याचा कागद वाचायचा कसा?



प्रत्येक घरात कागदपत्रांची एक पेटी असते. जातीचा दाखला, रेशनकार्ड, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, घरपट्टीची पावती, सारे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आपण जपतो. कागद नसला की कचेरीच्या दारात कोणी उभे करत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. त्याच पेटीत आता विम्याचाही कागद असतो. कर्जावर घेतलेल्या टेम्पोचा, रिक्षाचा, मोटारसायकलचा, नाहीतर बँकेच्या कर्जातून बांधलेल्या दोन खोल्यांचा. बाकीचे कागद आपल्याला तोंडपाठ असतात. विम्याच्या कागदाची घडी मात्र मोडलेली नसते. ‘विमा आहे ना?’ ‘आहे.’ एवढ्यावर आपण निर्धास्त होतो. मग संकट आल्यावर कळते की विमा होता, पण या संकटाचा नव्हता.

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या आपल्या कुटुंबांना हा विषय जवळचा आहे. एका तालुक्यात रांजणगावची एमआयडीसी, दुसऱ्यात कुरकुंभची. एकीकडून नगर रोड जातो, दुसरीकडून सोलापूर रोड. घोड आणि भीमा या नद्यांच्या काठाने वस्त्या आहेत. कारखान्याच्या पाळीला मोटारसायकलवर जाणारे, टेम्पो चालवणारे, हमरस्त्याच्या कडेला वडापावची गाडी लावणारे, पिठाची गिरणी किंवा शिलाईचे दुकान चालवणारे असे आपले लोक आहेत. एक अपघात, एक आग, नदीला आलेला एक पूर, आणि दहा वर्षांची कमाई एका दिवसात जाते.

१ जानेवारी २०१८ हा दिवस तर आपण कोणीच विसरलेलो नाही. विजयस्तंभ हवेली तालुक्यातल्या पेरणे येथे, आणि नदीपलीकडचे कोरेगाव भीमा शिरूर तालुक्यात. त्या दिवशी कोरेगाव भीमा, सणसवाडी या पट्ट्यात दगडफेक झाली, वाहने आणि दुकाने जाळली गेली. त्या घटनेचे इतर अंग आज आमचा विषय नाही. आम्ही एवढेच विचारतो : अशा दंगलीत आपले वाहन जळाले तर विमा कंपनी पैसे देते का? उत्तर पॉलिसीवर अवलंबून आहे. ज्याने फक्त थर्ड पार्टी विमा उतरवला आहे, त्याला स्वतःच्या जळालेल्या वाहनाबद्दल त्याची कंपनी काहीही देणे लागत नाही. ज्याने कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे सर्वंकष विमा उतरवला आहे, त्याच्या पॉलिसीत आग, चोरी, पूर, भूकंप यांच्याबरोबर दंगल, संप आणि कोणी खोडसाळपणे केलेले नुकसान हेही आलेले असते. त्याला दावा करता येतो. दोन्ही वाहने एकाच रस्त्यावर जळाली तरी दोघांच्या हातातले कागद वेगळे असतात.

सरकारकडून मिळते ती मदत. ती किती आणि केव्हा, हे सरकार ठरवते. विम्याचे पैसे कराराने मिळतात. ते मागताना हात पसरायचा नसतो, कागदावर बोट ठेवायचे असते. पण बोट ठेवण्यासारखे कागदावर काही असायला हवे, आणि ते आपल्याला माहीत हवे.

बाबासाहेबांनी विम्याचा विचार फार आधी केला होता. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात विमा व्यवसाय सरकारच्याच हाती असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी मांडणी त्यांनी केली. पुढे १९५६ मध्ये आयुर्विमा सरकारने ताब्यात घेतला. आग, वाहन, अपघात यांचा जो जनरल इन्शुरन्स, तो १ जानेवारी १९७३ पासून सरकारी झाला आणि १०७ कंपन्यांच्या चार कंपन्या झाल्या. १९९९ च्या कायद्यानंतर खाजगी कंपन्यांना पुन्हा वाट मिळाली. म्हणजे आज बाजारात सरकारी आणि खाजगी दोन्ही कंपन्या आहेत, एजंट दारापर्यंत येतात, आणि सक्ती आहे ती मुख्यतः वाहनाच्या थर्ड पार्टी विम्याची. बाकीचे आपले आपण समजून घ्यायचे आहे. म्हणून कागद उघडून एकेक गोष्ट पाहू.

करार कोणाशी, कशाचा?

विमा हा दोघांतला करार आहे. आपण हप्ता भरतो. कंपनी ठरावीक संकटात ठरावीक रकमेपर्यंत नुकसान भरून द्यायचे कबूल करते. हप्ता कंपनीला पोहोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, असा १९३८ च्या विमा कायद्याचा नियम आहे. तेव्हा एजंटच्या हातात पैसे देऊन ‘झाले काम’ म्हणू नये. कंपनीची पावती आणि पॉलिसी घ्यावी. चेक दिला असेल तर तो वटला की नाही हे पाहावे.

ज्या वस्तूच्या नुकसानीने आपले नुकसान होते, तिचाच विमा आपल्याला उतरवता येतो. शेजाऱ्याच्या घराचा विमा आपल्या नावाने काढता येत नाही. भाड्याने राहणाऱ्याला भिंतींचा नाही, पण आतल्या सामानाचा विमा घेता येतो. इथेच जुनी गाडी घेणारे फसतात. गाडी घेतली, पैसे दिले, पण आरसी बुक आणि पॉलिसी दोन्ही जुन्या मालकाच्या नावावर. कायद्याने थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आपोआप जातो; स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र तसा जात नाही. म्हणून गाडी घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत पॉलिसी आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीला अर्ज द्यावा.

कराराचा पाया म्हणजे खरे सांगणे. अर्ज एजंट भरतो आणि आपण सही किंवा अंगठा करतो. त्या अर्जात घर पक्क्या विटांचे लिहिले आणि प्रत्यक्षात पत्रा, बांबू, ताडपत्री असेल, किंवा राहत्या खोलीतच दुकान असताना ते लिहिले नसेल, तर दाव्याच्या वेळी कंपनी तेच कारण पुढे करते. सही करण्याआधी अर्ज घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीकडून मोठ्याने वाचून घ्यावा आणि त्याची प्रत मागून घ्यावी.

कोणत्या संकटाचा विमा?

घराच्या विम्यासाठी १ एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी ठेवावी लागते. आग, वीज पडणे, वादळ, पूर, भूकंप, दरड, दंगल, खोडसाळ नुकसान, बाहेरून वाहन येऊन आदळणे, पाण्याची टाकी फुटणे ही संकटे तिच्यात आहेत. घराच्या इमारतीचा विमा उतरवला की त्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातले सामानही आपोआप धरले जाते. दागिन्यांचा विमा मात्र वेगळा सांगून घ्यावा लागतो.

चोरीचे काय? या पॉलिसीत चोरी धरली जाते ती आग, पूर, दंगल असे एखादे संकट घडल्यापासून सात दिवसांच्या आत त्याच कारणाने झालेली. एरवी रात्री कुलूप तोडून झालेल्या चोरीसाठी घरफोडीचा विमा वेगळा असतो. घरफोडीच्या पॉलिसीत बहुधा ‘बळजबरीने प्रवेश’ अशी अट असते. कुलूप, कडी, खिडकी तोडल्याची खूण नसेल तर अशा पॉलिसीखाली पैसे मिळत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली हरचंद राय चंदन लाल यांच्या प्रकरणात म्हटले आहे. दार उघडे ठेवून शेजारी गेलो आणि गल्ल्यातले पैसे गेले, तर तो वेगळा प्रश्न झाला.

पॉलिसीत अपवादांचे एक पान असते. बारीक अक्षरातले हेच पान आधी वाचावे. युद्ध, हळूहळू होणारी झीज, आपण जाणूनबुजून केलेले नुकसान हे वगळलेले असते. सरकारी आदेशाने झालेली जप्ती किंवा पाडापाडीही वगळलेली असते. अतिक्रमण म्हणून घर पाडले तर ती लढाई विम्याच्या कागदावर लढता येत नाही, हे लक्षात ठेवावे.

रक्कम किती लिहावी?

हप्ता वाचावा म्हणून रक्कम कमी लिहिण्याची सवय फार आहे. तिचा हिशेब पाहू. समजा, दुकानात ४ लाखांचा माल आहे आणि विमा २ लाखांचा उतरवला. आगीत १ लाखाचा माल जळाला. दुकानदार म्हणतो, माझा विमा २ लाखांचा, नुकसान १ लाखाचे, मला १ लाख द्या. कंपनी म्हणते, तुम्ही निम्म्याच मालाचा विमा उतरवला होता, म्हणून निम्मेच नुकसान आमचे. हातात येतात ५० हजार. याला विम्याच्या भाषेत सरासरीचे कलम म्हणतात. लहान व्यवसायांसाठीच्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तफावत सोडून दिली जाते. त्यापुढे हेच गणित लागते. ‘भारत गृह रक्षा’त घरासाठी हे कलम लावत नाहीत, तरी रकमेची कमाल मर्यादा आपण लिहिलेलीच राहते.

घराची रक्कम लिहिताना जागेची किंमत धरायची नाही. जागा जळत नाही. आज तेवढे बांधकाम पुन्हा करायला किती खर्च येईल, तो आकडा लिहायचा. घरकर्जाबरोबर बँकेने विमा काढला असेल तर त्याची प्रत बँकेकडून मागून घ्यावी. तो पूर्ण घराचा आहे की फक्त कर्जाच्या रकमेचा, हे पाहावे. अशा पॉलिसीत पैसे आधी बँकेकडे जातात.

विम्याचे दुसरे तत्त्व असे की नुकसान भरून निघावे, नफा होऊ नये. म्हणून वाहनाच्या भागांवर घसारा कापतात. प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे कपात होते. तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. शिवाय प्रत्येक दाव्यात काही रक्कम आपल्या पदरची असते. गॅरेजचे बिल आठ हजार आणि कंपनीचे पैसे पाच हजार, यात दर वेळी फसवणूक असतेच असे नाही. भांडायला जाण्याआधी पॉलिसीतला कपातीचा तक्ता पाहून घ्यावा.

दुसऱ्याचे नुकसान

आतापर्यंत आपल्या वस्तूंचे पाहिले. आपल्या वाहनामुळे दुसऱ्याचा जीव गेला किंवा हात-पाय गेला, तर ती भरपाई आपल्यावर येते. वाहनाला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो यासाठी. तिऱ्हाईताचा मृत्यू किंवा इजा यांच्या भरपाईला पॉलिसीत रकमेची मर्यादा नसते. विमा नसेल तर न्यायाधिकरणाने ठरवलेले लाखो रुपये गाडीच्या मालकाच्या घरादारावर येतात. दोन हजार वाचवायला गेलो आणि सारे घर गहाण पडले, असे होऊ नये.

आता मालवाहू टेम्पोची गोष्ट. ही प्रत्येकाने नीट वाचावी. लग्नाला, महापरिनिर्वाण दिनाला, १ जानेवारीला पेरण्याला जाताना आपण टेम्पोत माणसे भरतो. टेम्पोच्या पॉलिसीत माल असतो, प्रवासी नसतात. मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी कायद्याने धरला आहे. फुकट किंवा भाडे देऊन मागे बसलेली माणसे नाहीत. मालवाहू वाहनातल्या अशा प्रवाशांची भरपाई द्यायला विमा कंपनी बांधील नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी प्रकरणात दिला. टेम्पो उलटला तर मेलेल्यांच्या घरच्यांचा दावा टेम्पोवाल्यावर येतो, आणि तो टेम्पोवाला आपल्याच वस्तीतला असतो. दोन्ही घरे बुडतात. पाचपन्नास रुपये माणशी जास्त गेले तरी चालतील, पण प्रवासी परवान्याची गाडी किंवा एसटीच करावी, असे आम्ही आग्रहाने सांगतो. खाजगी पॉलिसी असलेली गाडी भाड्याने चालवणाऱ्यांनाही हाच इशारा.

लायसन्सबद्दल मात्र दिलासा आहे. हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असलेल्या चालकाला एकूण ७,५०० किलोपर्यंत वजनाचे मालवाहू वाहन चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी कायम केले. तेवढ्याच कारणावरून कंपनी दावा नाकारत असेल तर तिला हा निकाल दाखवावा.

आपला माणूस वाहनाच्या धडकेत गेला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यूला २ लाख आणि गंभीर इजेला ५० हजार रुपये मिळतात. त्यासाठी प्रांत किंवा तहसील कार्यालयात चौकशी करावी. नगर रोडने रात्रपाळीहून चालत येणाऱ्यांच्या घरच्यांना ही माहिती असायलाच हवी.

कुरकुंभसारख्या रासायनिक कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्यांसाठीही कायदा आहे. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर १९९१ मध्ये सार्वजनिक दायित्व विमा कायदा झाला. घातक रसायने हाताळणाऱ्या मालकाला विमा उतरवावाच लागतो. त्याच्या आवारातल्या अपघाताने शेजारच्या माणसाचे नुकसान झाले तर चूक कोणाची हे सिद्ध न करता भरपाई मागता येते. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, पाच वर्षांच्या आत. आतल्या कामगारांसाठी कायदा वेगळा आहे.

स्वतःच्या अपघातासाठी बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून मिळणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा १८ ते ७० वयाच्या सर्वांनी घ्यावा. अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात. १ जूनपासून नवे वर्ष सुरू होते, म्हणून मेअखेर खात्यात तेवढे पैसे ठेवावेत.

दावा करताना

नुकसान झाले की आधी माणसे सांभाळा, मग उरलेला माल वाचवा. वाचवता येण्यासारखा माल ‘विमा आहे’ म्हणून जळू देणे हाही अटीचा भंग आहे. चोरी, अपघात, दंगल यांत पोलिसांकडे फिर्याद ताबडतोब द्यावी आणि तिची प्रत घ्यावी. कंपनीला लगेच फोन करावा आणि लेखीही कळवावे. वाहन चोरीला गेल्यावर पोलिसांत फिर्याद वेळेवर दिली असेल, तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणाने दावा नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये गुरशिंदर सिंग प्रकरणात सांगितले आहे. म्हणून उशीर करावा असा त्याचा अर्थ नाही. कंपनीचा सर्व्हेअर येण्याआधी जळालेले सामान फेकू नये, फोटो काढावेत. खरेदीची बिले घरातल्या पेटीत एक प्रत आणि नातेवाइकाकडे एक प्रत अशी ठेवावीत, कारण पेटीही जळू शकते.

कंपनीने नकार दिला तर तो लेखी मागावा आणि कोणत्या कलमाखाली दिला ते विचारावे. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. पुण्यातही त्यांचे कार्यालय आहे. एक वर्षाच्या आत अर्ज करावा, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. विमा प्राधिकरणाचा १५५२५५ हा फोन क्रमांकही टिपून ठेवावा. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहेच.

आमची एक सूचना आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर आपापल्या विहारात सर्वांनी घरातले विम्याचे कागद आणावेत. कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींनी ते मोठ्याने वाचावेत आणि प्रत्येक कागदाला पाच प्रश्न विचारावेत : नाव कोणाचे? मुदत कधीपर्यंत? संकटे कोणती? रक्कम किती? अपवाद कोणते? उत्तरे पॉलिसीच्याच पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवावीत. ज्याची मुदत संपली असेल त्याने सोमवारीच नूतनीकरण करावे. विम्यात एका दिवसाचा खंडही खंडच असतो.

जयभीम.